प्रार्थना धाकट्यापासून

आमच्या घरात प्रार्थना धाकट्यापासून सुरू व्हायची. जेवायला बसलं की सगळ्यांत लहान असेल त्यानं आधी देवाचे उपकार मानायचे, मग त्याच्याहून मोठ्यानं, शेवटी आप्पांनी. आप्पांनी आमेन म्हटल्याशिवाय भाकरीला हात लावायची सोय नव्हती. वडगावातली आमची गल्ली सगळी विणकरांची, त्यात ख्रिस्ती घर एकटं आमचं. हा नियम आप्पांनी कुठून आणला देव जाणे.

धाकटा भाऊ बोलायला लागला तसा हा मान माझ्याकडून त्याच्याकडे गेला. मला कोण आनंद झाला! पोटात भूक असताना डोळे मिटून शब्द जुळवणं मला कधी जमलं नाही. त्याला जमायचं. "देवा, भाकरी दिलीस, शेळी दिलीस, आक्का दिलीस." रोज तेच. मला शेळीच्या मागं बसवतो म्हणून मी त्याला चिमटा काढायची, आणि आई मिटल्या डोळ्यांनी हसायची.

मग मानमोडीची साथ आली. तापानं माणसं पटापट जायला लागली, गल्लीतले माग बंद पडले. आधी आप्पा आजारी पडले, ते उठले. मग भाऊ पडला. आई त्याच्या उशाशी बसून एकच मागायची, "एवढा ठेव. दुसरं कायबी मागत न्हाय." देवानं ठेवला नाही. शेजारची काकू साथीला न भिता आमच्या उंबऱ्यावर पेज ठेवून जायची. तिनं आईला विचारलं, "तुमच्या देवानं असं कसं केलं गं?" आई म्हणाली, "मी बी त्येच इचारते त्याला." पाद्रीसाहेब मात्र म्हणाले, देवाची इच्छा. त्यांचा मला राग आला. अजून येतो.

माती देऊन आल्यावर संध्याकाळी काकूनं पाठवलेली भाकरी आईनं ताटांत वाढली. आप्पांनी डोळे मिटले, आम्हीही मिटले, आणि कोणीच बोलेना. सवयीनं आम्ही त्याचीच वाट बघत बसलो होतो. शेवटी आई हळूच म्हणाली, "आता तूच धाकटी गं." मी तोंड उघडलं नाही. मी सुरुवात केली असती तर तो गेला हे खरं झालं असतं. आप्पा तसेच उठले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नुसते बसून राहिले.

पुढं रोज तेच. डोळे मिटायचे, गप्प बसायचं आणि आमेन न म्हणता जेवायचं. आप्पा रविवारी पाद्रीसाहेबांच्या देवळात जाईनासे झाले. ज्या देवासाठी धर्म बदलला आणि भाऊबंद तुटले, त्याचं नावच आता घरातून जातंय, या धास्तीनं आई वाळत चालली. ती आप्पांना काही बोलली नाही, मलाही रागावली नाही. मागच्या दारी शेळीला पाला घालताना मात्र पदर तोंडात कोंबून रडायची.

एक दिवस ताटं वाढली आणि आईनंच सुरुवात केली. तिची पाळी नव्हती. "देवा," ती म्हणाली, "भाकरी दिलीस. शेळी दिलीस." पुढचं तिच्यानं म्हणवेना. ती थांबली, आणि ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं, "भाऊ दिला होतास."

आप्पांना आमेन म्हणायला फार वेळ लागला. पण म्हणाले. भाकरी गार झाली होती. ती आम्ही रडत रडत खाल्ली.