मामीच्या नावाचं अध्यासन

मामी गेल्यावर निरवांगीच्या माझ्या मामांनी विद्यापीठाला देणगी दिली आणि तिच्या नावानं एक अध्यासन सुरू झालं. मामीच्या माहेरी मेंढ्या. लेंडी पाहून मेंढीनं काल कुठला पाला खाल्ला ते ती सांगायची. म्हणून विषय ठरला, मेंढ्यांचे आजार आणि झाडपाल्याची औषधं.

मी बारामतीत कॉलेजात मराठी शिकवतो आणि रिकाम्या तासाला इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लेख दुरुस्त करत बसतो. हे मामांना कळलं.

"मग आपलं अध्यासन घाल की त्यात," ते फोनवर म्हणाले.

मी घातलं. 'या विषयातील अग्रगण्य अध्यासन' असंही ठोकून दिलं. दुसरं कुठलं माझ्या ऐकिवात नव्हतं, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेखाच्या डोक्यावर सूचना लागली, हा लेख वगळावा. टोपणनावानं कुणीतरी लिहिलं होतं, 'प्राध्यापकाच्या पदाला वेगळा लेख कशाला? विद्यापीठाच्या लेखात एक ओळ पुरे.' मी चवताळलो. परदेशातल्या जुन्या अध्यासनांचे लेख चालतात, मग मेंढ्यांनीच काय पाप केलंय? उत्तर आलं, 'त्यांच्यावर पुस्तकं आहेत. तुमच्यावर?'

निदान फोटो तरी लावू म्हणून मामांना घेऊन विद्यापीठ गाठलं. अध्यासनाचे प्राध्यापक खोलीतच होते. मामांनी चौफेर नजर फिरवली.

"खुर्ची कुठाय?"

"मामा, अध्यासन म्हणजे पद. खरी खुर्ची नसते."

"आसं कसं? मग बसत्यात कशावर?"

प्राध्यापक लाजून उठले. मामा त्यांच्या फिरत्या खुर्चीत बसले आणि त्यांनी मजेत एक गिरकी घेतली. फोटो काढताना माझं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. पडद्यावर माझाच लेख होता, आणि खाली मला द्यायचं उत्तर अर्धवट टाइप केलेलं.

"म्हणजे ते तुम्ही?"

"या पदावर तीन वर्षं झाली, सर," प्राध्यापक खाली बघत म्हणाले. "एक भाषण सोडून माझ्या हातून काही झालं नाही. आणि लेखात 'अग्रगण्य'. ते सगळ्यांनी वाचावं असं वाटेना."

मी मामांना सगळं समजावून सांगितलं, तर ते रागावलेही नाहीत.

"लेख ऱ्हायचा तर काय लागतं?"

"बाहेरच्या लोकांनी दखल घ्यावी असं काम," प्राध्यापक म्हणाले.

"मग ते हितं बसून व्हणार न्हाय. निरवांगीला या तुमी. माझी मेव्हणी मेंढ्या राखती अजून. तिला समदं ठावं हाय."

त्या संध्याकाळी मी स्वतःच्याच लेखाविरुद्ध मत दिलं. लेख गेला, विद्यापीठाच्या पानावर एक ओळ उरली. प्राध्यापक मात्र आता दर शनिवारी निरवांगीला जातात. मामीची बहीण त्यांना आधी मेंढी धरायला लावते, मगच औषध सांगते. गेल्या खेपेला एका एडक्यानं त्यांना काटेरी कुंपणात ढकललं, तरी गडी उठून परत कामाला लागला, असं मामा मोठ्या कौतुकानं सांगत होते.