वारुळावरची मोरी
आमसुलाचा आंबट वास आला की मला तळेघरचा तो नव्वदच्या दशकातला श्रावण आठवतो. आमचं पहिलं मूल व्हायचं होतं. बायको समुद्रकाठची, तिला डोहाळे लागले मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, कालवणाचे. अर्ध्या भाकरीवर ती हात धुवायची, आणि श्रावणात आमच्या चुलीवर मासळी चढत नसे. एका सकाळी आई भिजत रानातून आली, ओच्यात वारुळावरची अळंबी घेऊन. "पोरी, तुझ्या मोरीला काटा नसतो म्हनं? हिलाबी न्हाई." सुनेला विचारत विचारत तिने आमसूल घालून तसंच कालवण केलं. बायकोने अळंबीचा देठ बोटांनी सोडवून पाहिला. "आई, धागे अगदी मोरीसारखे सुटतात. फक्त समुद्राचा वास नाही." "आता समुदर कुठनं आनू, बाई? मीठ टाक अन् जेव!" बायको हसली आणि दीड भाकरी जेवली. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा बायकोच्या माहेरी ताटात खरी मोरी वाढली. दोन घास खाऊन बायको माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "चांगली आहे हो, पण आईंच्या अळंबीची सर नाही."