शेजारचा पियानो आणि माझा तबला

इंग्लंडला निघताना प्रेशर कुकर मोठ्या बॅगेत गेला, गोडा मसाला त्या कुकरात गेला आणि तबला-डग्गा मात्र मी रजईत गुंडाळून हातात घेतला.

"तिकडे कुणी याची वाट बघतंय का?" बायकोने विचारलं.

परदेशात आपली संस्कृती जपणं ही आपलीच जबाबदारी असते, असं काहीतरी मी म्हणालो.

"मग जप. पण विमानात मांडीवर लेकीचं डोकं असणार की डग्गा, तेवढं आत्ताच ठरव."

विमानतळावर तपासणीच्या साहेबांनी रजई सोडायला लावली. हे काय आहे म्हणाले. मी सांगितलं. वाजवून दाखवा म्हणाले. मी तिथेच उकिडवा बसलो आणि ठेका धरला. आवर्तन पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, जा तुम्ही." मी ही दाद समजलो.

माझं तबल्याचं शिक्षण कसबा पेठेत झालं, म्हणजे सुरू झालं. आई तिथल्याच शाळेत गणित शिकवायची. मला गणित यायचं नाही, तर निदान मात्रा तरी मोजता याव्यात, असा तिचा हिशेब होता. गुरुजी मोजकं बोलायचे. एकदा आई भेटायला गेली तेव्हा म्हणाले, "हात वाईट नाही. पण गाणारा एकीकडे जातो आणि तुमचा मुलगा दुसरीकडे. पोहायला घाला." आईने मला पोहायला घातलं. पोहणंही आलं नाही, पण तो वेगळा विषय.

शिक्षण थांबलं तरी माझं ज्ञान वाढतच गेलं. पुण्यात ते वाढायला काही करावं लागत नाही. थंडीत मैफलीला शाल आणि थर्मास घेऊन जायचं, शेजारच्या जाणत्या माणसाने मान हलवली की आपण हलवायची. कॉम्प्युटरची नोकरी लागली, धायरीत फ्लॅट घेतला, तेव्हा हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला तबला ठेवला. येणारे विचारायचे, "वाजवता का?" मी म्हणायचो, "हल्ली वेळ कुठे मिळतो!" बायको आत चहा करत असायची. ती लहानपणापासून गाणं शिकलेली, रोज सकाळी रियाज करणारी. तिला कुणी विचारत नसे, कारण तंबोरा कपाटात होता.

शतक बदलायला आलं होतं आणि जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायला आमच्यासारख्यांना विमानं भरून पाठवत होते. मला इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका लहान गावी पाठवलं. एकाला एक चिकटलेली विटांची घरं. मधल्या भिंती एवढ्या पातळ की पलीकडे कुणी शिंकलं तर आपण 'शतं जीव' म्हणावं. पलीकडे एक वयस्कर बाई एकट्या राहायच्या. रोज दुपारी त्या पियानो वाजवायच्या आणि आमची लेक भिंतीला कान लावून बसायची.

लेकीचा कान तिच्या आईवर गेला होता. पहिल्याच आठवड्यात बायकोने आमटीला फोडणी दिली आणि छताला लावलेला, धुराचा इशारा देणारा भोंगा किंचाळायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, बायको खिडक्या उघडतेय आणि सहा वर्षांची लेक शांतपणे म्हणते, "आई, हा तुझा वरचा सा आहे." बायकोने तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी लावून पाहिली. तोच होता. मी स्टुलावरून म्हणालो, "मला वाटलंच होतं." दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

रविवारी मी तबला काढायचो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधून दमलेल्या माणसाला स्वतःच्या चुका करायला मोकळी जागा हवी असते. असे काही रविवार गेल्यावर दारावरची घंटा वाजली. शेजारच्या बाई उभ्या होत्या. हातात घरी केलेला केक, गळ्यात मोत्यांची माळ. आधी त्या बायकोला म्हणाल्या, "सकाळी तुम्ही गाता ना? मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवते." बायको लाजली. मी माझ्या पाळीची वाट बघत पुढे झालो. बाई माझ्याकडे वळून अतिशय अदबीने म्हणाल्या, "आणि तुमचं ते सुतारकाम... घाई नाही, पण साधारण कधी संपेल?"

बायकोला हसू आवरेना. ती स्वयंपाकघरात निघून गेली आणि तिथून तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. मी बाईंना तबला दाखवला. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी इतक्यांदा माफी मागितली की शेवटी मीच त्यांना बसवून पाणी दिलं. त्या दिवसापासून लेक दुपारी त्यांच्याकडे पियानो शिकायला जाऊ लागली आणि मी रविवारी तबल्यावर जाड टॉवेल घालून वाजवू लागलो. बायकोचं म्हणणं, टॉवेल घातल्यापासून माझा हात सुधारला.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती निवृत्त होऊन महिलांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची, आणि मंडळातल्या निम्म्या बायका तिच्या जुन्या विद्यार्थिनी असल्यामुळे कुणाची चुकायची हिंमत नव्हती. इथे तिला कुणी चुकणारंच मिळेना. आठ दिवसांत तिने आमचं कपाट लावून टाकलं, बागेतलं गवत उपटलं, गवत समजून मी मुद्दाम लावलेली दोन रोपंही उपटली, आणि मग खिडकीपाशी बसून म्हणाली, "हे गाव फार स्वच्छ आहे. इथे माणसं राहतात का?"

शनिवारी दुपारी पलीकडे पियानो सुरू झाला. आईने मान वर केली. जरा वेळ ऐकलं.

"पेटी वाजवतेय?"

"पियानो आहे, आई."

"तेच ते. चल."

"आई, इकडे असं न विचारता कुणाकडे जात नाहीत."

"मी विचारणारच आहे. दारात गेल्यावर."

आईचं इंग्रजी शाळेतलं होतं, म्हणजे त्यात विनंतीला जागा नव्हती. म्हणून मी दुभाषा म्हणून बरोबर गेलो. बाईंनी आनंदाने आत घेतलं. आई सरळ पियानोपुढच्या बाकावर बसली, पट्ट्यांवरून नजर फिरवली, आपली काळी चारची पट्टी शोधली आणि उजव्या हाताने एका अभंगाची चाल वाजवायला लागली. उजवा हात ठीक चालला होता. डावा हात मात्र हवेत मागेपुढे होत होता. पुढे, मागे, पुढे, मागे.

बाई त्या हाताकडे बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "त्यांना काही त्रास होतोय का?"

"त्या भाता मारताहेत," मी म्हणालो आणि पेटीला हवा कशी द्यावी लागते ते सांगितलं. बाईंनी क्षणभर विचार केला, आईच्या डाव्या अंगाला येऊन बाकावर बसल्या आणि खालच्या पट्ट्यांवर आपला हात ठेवला. आईचा हवेतला हात थबकला. तिने तो मांडीवर घेतला. डावीकडून खर्जातले सूर यायला लागले तशी तिने एकदाच बाईंकडे पाहिलं आणि तीच ओळ पुन्हा घेतली.

मी दोघींच्या मागे, भाषांतराला तयार होऊन उभा होतो. बाई म्हणाल्या, या पट्टीत फार काळ्या पट्ट्या लागतात, आपण एक खाली घेऊ या का? मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "सांग तिला, देवाला माझी पट्टी ठाऊक आहे. खाली घेतली तर ओळखायचा नाही." हे इंग्रजीत कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो तेवढ्यात आईने बाईंच्या हातावर चापट मारून सांगितलं, "नो. अगेन." बाईंनी लगेच पुन्हा सुरुवात केली. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती. मी चहा करायला गेलो, आणि दुसऱ्याच्या घरात साखर सापडेना म्हणून बिनसाखरेचा केला.

मग हे रोजचंच झालं. बायकोही जाऊ लागली. आई आणि बाई एका बाकावर, बायको उभी राहून गातेय, लेक टाळ धरून जमिनीवर. मी ऑफिसातून यायचो तेव्हा घर रिकामं, आणि भिंतीपलीकडे माझं सगळं घर वाजत असायचं. भाजी झाकून ठेवलेली असायची, तेवढं बरं होतं.

बाईंच्या चर्चला लागून एक सभागृह होतं. तिथल्या उन्हाळी मेळाव्यात हा अभंग व्हावा असं बाईंनी ठरवलं. आईने अट घातली की ठेका हवा. ठेक्याशिवाय भजन म्हणजे नुसतं गाऱ्हाणं. हे ऐकून मी आमच्या घरातून तबला घेऊन आलो. आईने आधी तबल्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"दुसरं कुणी नाही का गावात?" आईने विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. तिने चौकशी करून ठेवली होती, हे मला नंतर कळलं.

तालमीत मी दोन ओळींच्या आत पुढे निघून जायचो. आई पेन्सिलीने बाकावर ठोकायची. "बस पकडायचीय का तुला?" शाळेत ती मुलांना असंच बोलायची, पण ती मुलं घरी जायची, मला घरी तीच भेटायची. त्यात भर म्हणून त्या दमट हवेत तबल्याची वरची कातडी पुडी सगळी सैल पडली होती. हातोडीने कितीही चढवला तरी सूर लागेना. शेवटी पापड वाळवावा तसा रेडिएटरवर ठेवला. ऐन उन्हाळ्यात माझ्या तबल्यासाठी घर तापवलं आणि सगळे घामाघूम झाले.

मेळाव्याच्या दिवशी पियानो भिंतीपासून मध्ये आणायचा होता. मी आणि चर्चचे धर्मगुरू, दोघांनी तो ढकलला. सभागृहात बरीचशी म्हातारी माणसं होती. बायकोने डोळे मिटून सूर लावला आणि त्या माणसांच्या हातातल्या कपबशा खाली गेल्या. आईचा उजवा हात, बाईंचा डावा हात, दोन पाठी सरळ. मी ठेका धरला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला मला वाटलं, काय रंगतंय! आणि रंगतंय असं वाटलं की माझं जे होतं ते झालं. मी निघालो.

आईने वळून पाहिलं नाही, पण तिची मान ताठ झाली. बाई खालच्या सुरांवर हात घट्ट रोवून बसल्या, तसूभरही हलल्या नाहीत. मी पुढे, त्या जागच्या जागी, मध्ये बायको. तेवढ्यात माझ्या गुडघ्याला काहीतरी टोचलं. लेकीने टाळाची कड लावली होती. "बाबा," ती कुजबुजली, "माझ्याकडे बघ." तिने टाळ माझ्या डोळ्यांपुढे धरले आणि एकेक मात्रा दाखवून वाजवायला लागली. मी सगळं सोडून त्या टाळांकडे पाहात राहिलो. ते मिटले की हात मारायचा, उघडले की थांबायचं. कोण काय गातंय तेही मला कळेना. पण हळूहळू खालचे सूर, आईची चाल आणि माझा हात एका जागी आले, आणि त्या जागी मी याआधी कधीच गेलो नव्हतो. फार काही भव्य नव्हतं तिथे. रस्ता ओलांडताना कुणी आपला हात धरावा, एवढंच.

टाळ्या बऱ्याच वेळ झाल्या. लोक बायकोभोवती जमले. एका आजोबांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले, आणि ती, जिने कधी कुणाकडून कौतुक ऐकून घेतलं नाही, उभी राहून ऐकत होती. धर्मगुरू माझ्याकडे आले. मी तबल्यावरचा घाम पुसत उभा राहिलो. ते म्हणाले, "तुमच्याशिवाय हे शक्यच नव्हतं. तो पियानो फार जड आहे."

आई परत गेली. पुढे कामं आटली, आमचंही बाडबिस्तर आवरलं आणि आम्ही धायरीला आलो. बाल्कनीसमोरच्या शेतावर तोवर तीन इमारती उभ्या राहिल्या होत्या. बाईंचं पत्र नाताळाला यायचं, आई त्याला फोनवर उत्तर द्यायची. दोघी एकाच वेळी बोलायच्या आणि दोघींनाही सगळं कळायचं.

आईचं मंडळ अधूनमधून आमच्याकडे भजनाला येतं. भजन संपलं की बायका इंग्लंडची गोष्ट सांगा म्हणतात. सुरुवातीला गोष्टीत मी होतो आणि फार पळायचो. काही वर्षांनी आई म्हणायला लागली, "ठेक्याला होतं कुणीतरी." परवा मी आत शेंगा सोलत बसलो होतो, दार अर्धवट उघडं होतं. आई सांगत होती, "तिकडे तबलजी कुठून मिळणार? शेवटी आमच्या एवढ्याशा नातीने टाळांवर सगळं भजन सांभाळलं बघा." बायका म्हणाल्या, कमाल आहे. बायकोने तिथूनच माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलतोय का ते. मी शेंगा सोलत राहिलो. गोष्ट अशी जास्त तालात होती.