नेव्हेनाची खुर्ची आणि पेनाच्या घराचा चढ

नेव्हेनाच्या तोंडाला लागू नये, हे आमच्या इमारतीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळायचं. आमच्या गाब्रोवो गावची माणसं तशीही थट्टेखोर, स्वतःच्या चिक्कूपणावर स्वतःच विनोद करणारी. पण ही सगळ्यांच्या वरताण. आम्ही दोघी लोकरीच्या गिरणीत एकाच खात्यात होतो. तिथे एका हिवाळ्यात तिच्या पाठीवर गासड्यांची चळत कोसळली आणि कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यात भेटायला गेले तर मला म्हणाली, "रुसाना, माझे बूट घेऊन जा. तुझ्या मापाचे आहेत. मोजे मात्र मागू नकोस, नवे आहेत." मी बाहेर येऊन रडले. बूट मात्र नेले.

तेव्हापासून ती तळमजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहते. नवरा आधीच गेलेला, मूल नाही. तिचं असं जगात एकच माणूस होतं, थोरली बहीण पेना. पेनाचं घर आमच्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, अंगणात अक्रोडाचं झाड असलेलं. नेव्हेनाच्या खिडकीतून पेनाच्या धुराड्याचा धूर दिसायचा. पण मधला चढ असा, की धडधाकट माणूसही अर्ध्यावर, पाणवठ्यापाशी, दम खायला थांबतो. पेनाचे गुडघे गेलेले, तिला उतरवत नसे. हिला चढायची सोय नव्हती. पेनाचा मुलगा ल्युबेन ईस्टरला आणि नाताळला मावशीला गाडीत घालून वर न्यायचा. उचलायला दोन माणसं लागत आणि नंतर आठवडाभर तिची पाठ ठणकायची. "बटाट्याच्या पोत्याला निदान लाज तरी वाटत नाही," ती म्हणायची.

पुढे वयाने हात थकले, चाकं ढकलवेनात, तेव्हा तिने गावाकडची आलुबुखाराची बाग विकली आणि विजेवर चालणारी खुर्ची घेतली. कुणाची मदत नाही, हप्ते नाहीत, सगळे पैसे एकदम मोजले. पहिल्याच दिवशी ती सरळ पेनाकडे निघाली. पाणवठ्याच्या बरीच अलीकडे खुर्ची थांबली, चिरक्या आवाजात वाजायला लागली आणि तिच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: चढ मर्यादेबाहेर आहे, मागे वळा.

तिने कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं की मोटारीत तेवढी ताकद आहे, पण सुरक्षिततेसाठी मर्यादा आतून घातलेली आहे आणि ती गिऱ्हाइकाला बदलता येत नाही. "मग कुणाला येते?" "आम्हाला. पण आम्ही बदलत नाही."

त्या संध्याकाळी दारासमोरच्या बाकावर मोठी चर्चा झाली. तिसऱ्या मजल्यावरचा गांचो पूर्वी लोकांची धुलाईयंत्रं दुरुस्त करायचा. त्याला कुठल्याही बंद डब्याचे स्क्रू दिसले की हात शिवशिवतात.

"मी घोडा विकत घेतला," तो म्हणाला, "तर त्याला कुठल्या डोंगरावर न्यायचं ते घोडेवाला मला सांगणार?"

"घोडा उलटला तर घोडेवाल्याला कुणी कोर्टात खेचत नाही," इस्क्राबाई म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. "यांना खेचतात. उद्या ही त्या चढावर मागच्या मागे कोलमडली, तर पहिला तूच ओरडशील की कंपनी चोर आहे."

"बाई, कोलमडले तर माझं मोडणार काय?" नेव्हेना म्हणाली. "पाय?"

इस्क्राबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही वाटत होतं. तो चढ उतरताना मीसुद्धा भिंतीला धरून चालते. पण समोर धूर दिसतोय, त्या धुराखाली बहीण बसलीय आणि आपल्याच पैशांची खुर्ची आपल्याला म्हणते मागे वळ, हे मला तरी सहन झालं नसतं.

गांचोने खुर्ची उघडली. पोलंडमधल्या कुणा अनोळखी लोकांनी इंटरनेटवर टाकलेला प्रोग्राम त्याने तिच्यात भरला. पहिल्या खेपेला खुर्ची नेव्हेनासकट उलटी धावली आणि टपालपेट्यांवर आदळली. माझ्या पेटीचं दार अजून वाकडं आहे. दुसऱ्या खेपेला ती हललीच नाही. तिसऱ्या खेपेला मात्र निघाली, आणि आम्ही सगळे मागून, पडली तर धरू म्हणून हात पुढे करून, मिरवणुकीसारखे वरपर्यंत गेलो. पेना फाटकाला धरून उभी होती. "उशीर केलास," ती म्हणाली.

तो उन्हाळा नेव्हेनाच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता. रोज जेवण उरकून ती वर जायची. अक्रोडाखाली दोघी पत्ते खेळायच्या, पेना लबाडी करायची, ही शिव्या द्यायची, आणि ते भांडण खालपर्यंत ऐकू यायचं.

उन्हाळा सरला, मिरच्या भाजायचे दिवस आले आणि एका दुपारी खुर्ची अक्रोडाखालीच मेली. तिच्यात एक चिप असते, ती परस्पर कंपनीला खबर देत असते, हे आम्हाला नंतर कळलं. आत परका प्रोग्राम सापडला म्हणून कंपनीने लांबूनच तिला कुलूप घातलं होतं. लाल दिवा, आणि पडद्यावर कंपनीच्या राजधानीतल्या, सोफियाच्या कचेरीचा फोन नंबर. नेव्हेनाला ल्युबेनने गाडीतून खाली आणलं, खुर्ची चार जणांनी उचलून आणली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं फोटोसकट निधनपत्रक दारावर, खांबावर चिकटवतात. दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर तसंच काळ्या चौकटीचं पत्रक होतं, आणि चौकटीत खुर्चीचा फोटो. नेव्हेनाने स्वतः लिहून ल्युबेनकडून छापून घेतलं होतं. "अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की आमची लाडकी खुर्ची, गांचोच्या औषधाने बरी होऊन निषिद्ध चढ चढत असताना, मालकाच्या हातून वारली. मालक म्हणजे मी नव्हे, हे मला आत्ताच कळले. शोकाकुल: नेव्हेना, बहीण पेना आणि पाणवठा." लोक हसून हसून बेजार झाले. कुणीतरी फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि तो गावभर, मग देशभर फिरला. नेव्हेना खूश होती. मी पण हसले.

सोफियाहून कंपनीचा माणूस आला तो भला निघाला. गांचोने तोवर जुना प्रोग्राम परत भरून ठेवला होता. त्या माणसाने खुर्ची तपासली, आम्हा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजला. "मावशी," तो म्हणाला, "आत ओल शिरली होती असं लिहितो. कुलूप निघेल." नेव्हेनाने त्याला कॉफी पाजली, आलुबुखाराची घरगुती दारू, राकिया, पाजली. जाताना दारापाशी त्याने पत्रक वाचलं. तो हसला, आणि मग त्याचा चेहरा पडला.

"हे तुमचं आहे? सकाळीच साहेबांनी आम्हा सगळ्यांना पाठवलं. कुठल्या गावचं ते शोधा म्हणाले." तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "आता मला ओल लिहिता यायची नाही, मावशी."

कंपनीने एकच वाट ठेवली. तिच्या खर्चाने आतला डबा बदलायचा आणि पुन्हा खुर्चीला हात लावणार नाही, लावू देणार नाही, असं सही करून द्यायचं. नेव्हेनाने नकार दिला. "माझ्या घरात, माझ्या बुडाखालच्या वस्तूला मी हात लावणार नाही असं लिहून देऊ? मग बाग मी काय भाड्यापोटी विकली?" गांचो म्हणाला बरोबर केलंस, इस्क्राबाई म्हणाल्या मूर्खपणा केलास. मी तिला म्हटलं, "कर गं सही. निदान दुकानापर्यंत तरी जाशील." ती माझ्याशी तीन दिवस बोलली नाही.

हिवाळा लागला. पेनाचं हृदय दमलं होतं, तिने अंथरूण धरलं. ल्युबेन म्हणायचा, चल मावशी, गाडीतून नेतो. एकदा गेली, परत येताना दुखण्याने ओठ चावून रक्त काढलं. मग म्हणाली, खुर्ची सुटली की माझी मी येईन. रोज संध्याकाळी फोनवर दोघी भांडायच्या, कोणती कोणाला किती डाव देणं लागते यावर.

एका सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. पहाटे ल्युबेनचा फोन आला होता. नेव्हेना डोक्याला काळा रुमाल बांधून खिडकीशी होती. एवढ्यात गांचो दार ढकलून आत आला, तोंडभर हसत.

"काय बाई आहेस तू. या वेळी बहिणीलाही मारलंस? फोटो पण काय झकास निवडलायस."

नेव्हेनाने मान वळवली. "ते मी नाही लिहिलं रे, गांचो," ती म्हणाली.

गांचो तिथेच जमिनीवर बसला. बाहेर इमारतीच्या दाराशी अजून दोघं-तिघं पेनाचं पत्रक वाचून हसत होते. मी खिडकी उघडून त्यांना अशा शिव्या दिल्या, की तशा मी आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत.

तिने सोफियाला फोन लावला. "सही करते. म्हणाल तिथे करते. फक्त आज चालू करा, माझी बहीण वर आहे." पलीकडची बाई फार अदबीने बोलली. गाब्रोवोला दुरुस्तीचा माणूस पाठवायची पाळी पुढच्या आठवड्यात होती.

शेवटी स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीला तिला चादरीने बांधलं आणि चार पुरुषांनी तो बर्फाळ चढ चढला. पाणवठ्याशी ते दम खायला टेकले. "काहीतरी बोल गं," गांचो म्हणाला, "शिवी तरी दे." ती बोलली नाही. वर पेनाच्या हाताला हात लावला तेव्हाही नाही, आणि येताना तर नाहीच. तिला इतकं गप्प आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात माणूस आला, दुसराच. डबा बदलला. तिने न वाचता सही केली.

पेनाच्या चाळिसाव्या दिवसाच्या श्राद्धासाठी आम्ही गहू शिजवत होतो तेव्हा फोन वाजला. कंपनीतली एक पोर होती, आवाजावरून नवीनच लागलेली. गिऱ्हाइकांची मतं घेत होती. दुरुस्तीबद्दल किती समाधानी आहात, एक ते दहात सांगाल का?

"दहा," नेव्हेना म्हणाली.

पोर खूश झाली. आणखी काही सांगायचं आहे का, खुर्चीबद्दल?

नेव्हेनाने खिडकीबाहेर पाहिलं. वरच्या धुराड्यातून आता धूर येत नाही. "छान चालते बाळा," ती म्हणाली. "जिथे मला जायचं नाही, तिथे सगळीकडे नेते."

पोरीने आभार मानले. बहुतेक तिने दहाच लिहिले असतील. नेव्हेनाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "गहू ढवळ, खाली लागतायत."