रजेचं खरं कारण

पडद्यावर माझं पूर्ण नाव आलं. त्याखाली वय. त्याखाली इंग्रजीत लिहिलेलं, की या बाईचं पोट दुसऱ्यांदा पडलं आहे.

कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये आम्ही सगळे बसलो होतो. पुढे प्लांटचे सुपरवायझर, मध्ये स्टोअर आणि अकाउंटची माणसं, शेवटच्या रांगेत ठेकेदाराकडचे. म्हणजे मी. कामात एआय कसं वापरायचं ते शिकवायला हेड ऑफिसातून एक ट्रेनर आला होता. तरुण होता, चांगलं बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "एखादा खरा कागद द्या. खऱ्या कागदावरच मजा कळते."

आमचे एचआरचे सर लगेच उठले. लॅपटॉपमधून कागद काढला तो माझा. माझ्या रजेचा अर्ज आणि त्याला जोडलेलं बोईसरच्या दवाखान्याचं कार्ड. कुणाचाही काढता आला असता. स्वतःचा काढता आला असता. पण हात बरोबर शेवटच्या रांगेकडे गेला.

ट्रेनरने तो जसाच्या तसा आत टाकला. पापणी लवायच्या आत चार ओळींचा सारांश आला. सर खूश. म्हणाले, "आता विचारा, ही बाई रेग्युलर राहील का?"

त्याने विचारलं. उत्तर आलं. पुढेही गैरहजेरीची शक्यता, कमी जबाबदारीचं काम द्यावं.

कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं हसली. ट्रेनरच्या काहीतरी लक्षात आलं असावं, त्याने घाईने पडदा बदलला आणि म्हणाला, "असा पर्सनल डेटा खरं तर टाकायचा नसतो हं." टाकून झाल्यावर सांगितलं. तो पुढच्या मुद्द्यावर गेला. सगळे त्याच्याबरोबर गेले. मी तिथेच राहिले.

राग नंतर आला. आधी लाज वाटली. भरल्या हॉलात माझा पदर ओढला गेला होता आणि ओढणारे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो कसा असतो ते मला त्या खुर्चीवर कळलं. उठून जावंसं वाटलं. पण उठले असते तर ज्यांनी नाव वाचलं नव्हतं त्यांनाही कळलं असतं, ती हीच.

माझं माहेर सातपाटीचं, सासर एडवणचं. आई अजून बोईसरच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते. तिच्या पाटीवर मी बारावी झाले, कॉम्प्युटर शिकले आणि औषधांच्या या कंपनीत ठेकेदारामार्फत एचआरमध्ये लागले. नवरा आणि मी बोईसरमध्ये खोली घेऊन राहतो. पहिलं पोट पडलं तेव्हा सासरी सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी नुसता ताप आहे असं सांगितलं. माझं शरीर, माझं दुःख. कुणाला कधी सांगायचं ते मी ठरवणार होते.

स्टोअरमध्ये एक एडवणचा माणूस आहे. तो हॉलमध्ये होता. त्याने बायकोला सांगितलं, बायकोने विहिरीवर. दुसऱ्याच दिवशी सासूचा फोन आला.

"दोनदा झालं नि आमाला सांगितलं नाय? आमी काय मेलो व्हतो?"

ती फोनवर रडत होती आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून "हो आई, हो आई" करत होते. त्या बाईचा तरी काय दोष. सुनेची गोष्ट तिला विहिरीवर ऐकायला मिळाली.

सरांबद्दल सांगते. सर पुण्याचे. पर्मनंट मुलींना ते मॅडम म्हणतात, मला "ए" म्हणतात. मी पहिल्यांदा कामाला आले तेव्हा बोलण्यात "हाय" आणि "नाय" यायचं. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हिचं मराठीसुद्धा भाषांतर करून घ्यावं लागतं." सगळ्या एमआयडीसीला केमिकलचा वास मारतो, बस आत शिरली की नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो. ते सरांना चालतं. माझ्या डब्यातलं सुकट मात्र त्यांच्या नाकाला झोंबतं.

एआय मी त्या ट्रेनिंगच्या आधीपासून वापरत होते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. माझ्या इंग्रजीला ते हसलं नाही. पाच वेळा विचारलं तरी "ए" म्हणालं नाही. मी माझी माझी रीत बसवली. आत कुणाचं नाव टाकायचं नाही, "कामगार अ", "कामगार ब" लिहायचं आणि बाहेर आलेल्या कागदावर नावं आपल्या हाताने घालायची. तारीख, आकडा, नियम आला की मूळ कागदाशी ताडून बघायचा. कारण ते आपल्या मनाचंही घालतं, आणि ते अशा थाटात घालतं की खरंच वाटावं.

एकदा कँटीन स्वच्छ ठेवा अशी नोटीस लिहून घेत होते. त्याने वर एक ओळ स्वतःहून जोडली, की उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत. कुणी सांगितलं नव्हतं. मी ती खोडली. सरांनी आधीचा मसुदा बघितला, हसले आणि म्हणाले, "राहू दे की. मशीनलाही कळतं." नोटीस लागली. मशीन चुकलं होतं, पण ती चूक सरांच्या सोयीची होती, म्हणून तो नियम झाला. त्या दिवसापासून मी जिन्याखाली बसून जेवायला लागले. भूक तर लागतेच.

ट्रेनिंगनंतर आठवडाभराने सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं.

पॅकिंग लाईनवर सगळ्या बायका आहेत, ठेकेदाराच्या. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. रजेला दोन कारणं असतात. एक कागदावरचं, ते नेहमी "घरगुती काम". दुसरं खरं. खरं त्या मला फोनवर आवाज भरून पाठवतात, कारण मी त्यांच्यातली आहे. अर्ज मी लिहिते, खरं कारण माझ्यापाशी राहतं. कुणाची पाळी अंगावरून जाते, कुणाचा नवरा मारतो आणि तोंड सुजलेलं असतं, कुणाला क्षयाच्या गोळ्या चालू असतात. हे कळलं तर लाईनवरून काढतील हे सगळ्यांना माहीत. म्हणून घरगुती काम.

सरांना ही रीत माहीत होती. मला वाटत होतं, नाही.

"तुझ्याकडे त्यांचे आवाज आहेत ना? सगळे एआयमध्ये टाक. कोण कशासाठी दांडी मारते, कोणाला काय आजार, सगळं छान मांडून देईल ते. वर त्यालाच विचार, पुढच्या कंत्राटात कोणाला ठेवायचं. आपण कुणाला वाईट दिसणार नाही."

मी लावलेल्या दाराकडे बघितलं.

"आणि तुझं पर्मनंटचं बघतो मी. शब्द देतो."

केबिनमधून बाहेर आले आणि आधी घर आठवलं. नवऱ्याची कंपनी बंद पडून तो घरी बसला होता. रोज सकाळी नाक्यावर जायचा आणि काम न मिळता परत यायचा. पर्मनंट या शब्दाची आमच्या घरात देवासारखी वाट बघितली जात होती. हो म्हणावं तर त्या बायकांच्या पोटावर पाय. नाही म्हणावं तर आपल्याच. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मध्ये मी, ठेकेदाराचं ओळखपत्र गळ्यात घालून.

मनाला समजावून बघितलं. मी नाही केलं तर दुसरं कुणी करेल. नावं काढून करीन. पण नावं काढली तर सरांना त्याचा उपयोग काय? त्यांना नावंच तर हवी होती. सुरक्षित कसं वापरायचं ते मला येत होतं. जे कामच मुळात घाणेरडं आहे ते सुरक्षित कसं करायचं, ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. मी फोन कॉम्प्युटरला जोडला. पहिला आवाज निवडला. टाकण्याआधी नीट ऐकू येतो का म्हणून लावला. वनिताचा होता. पॅकिंगला आहे, आमच्या सातपाटीचीच.

"गो, पोराला परत आकडी आली. डागदरकडं नेतेय त्याला. सायबाला सांगू नको हां. घरचं काम लिव."

मागे पोराचा आवाज. कुणीतरी "चमचा काढ, चमचा काढ त्याच्या तोंडातला" असं ओरडत होतं.

माझं नाव पडद्यावर आलं तेव्हा मला वाटलं होतं, असं करणारी माणसं वेगळी असतात. सरांसारखी. पुण्याची, केबिनमधली. आणि आता तोच पडदा समोर होता, आणि माऊसवर माझा हात होता. माझी मलाच किळस आली. मला उघडं करून यांचं भागलं नव्हतं, आता मलाच ओढायला बसवलं होतं. आमच्याच बायकांचा पदर, माझ्याच हाताने. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात ते हेच.

मी वायर काढली. सुट्टी संपून सगळे टेबलांवर परत आले तेव्हा सरांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच ठेवलं.

"सर, मी हे करणार नाही."

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "अवघड आहे का?"

"सोपं आहे. पण करणार नाही."

आता बघितलं. हसले. "तुझं तर सगळ्यांनी बघितलंच आहे. आता लाज कसली?"

आतमध्ये काहीतरी तुटलं, आणि तुटल्यावर एकदम मोकळं वाटलं. इतके दिवस ज्या माणसाची भीती वाटत होती तो एवढासा होता.

"लाज माझी नव्हती, सर. तुमची होती. मी उगाच वागवत होते."

बाहेरच्या टेबलांवरचा आवाज बंद झाला. सरांचं तोंड लाल झालं. म्हणाले, "महिनाअखेर तुझं कंत्राट संपतंय. लक्षात आहे ना?"

"हाय लक्षात," मी म्हणाले. मुद्दाम 'हाय' म्हणाले.

शिफ्ट सुटल्यावर पॅकिंगच्या बायका गेटबाहेर बसची वाट बघत उभ्या राहतात. मी तिथे गेले आणि सगळं सांगितलं. काय मागितलं, कशाच्या बदल्यात मागितलं, आणि सुट्टीत मी कुठपर्यंत गेले होते तेही. मला वाटलं होतं पाठीवर हात ठेवतील. कुणी ठेवला नाही. वनिता म्हणाली, "तुज्याकडं व्हते म्हणून तर त्यानं मागितले. तू कशाला ठेवलेस?"

खरं होतं. मी त्यांची कारणं जपते असं मला वाटत होतं. मी ती साठवत होते. कुणीतरी मागायला येणारच होतं.

तिथेच फोन काढला. एकेक आवाज त्यांच्यासमोर पुसला. बस आली तरी त्या चढल्या नाहीत, शेवटचा पुसेपर्यंत थांबल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

पुढच्या आठवड्यात वनिताला परत रजा हवी होती. फोनवर एवढंच म्हणाली, "मला रजा पायजे." मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. अर्जात कारणाची जागा कोरी ठेवली. "घरगुती काम"सुद्धा नाही. आजवर ते खोटं आम्ही कशासाठी लिहीत होतो? रजा तिच्या हक्काची आहे. हक्काच्या गोष्टीला कारणाची लाच कशाला द्यायची? सरांनी अर्ज परत पाठवला. मी तसाच परत दिला. त्यांनी पुन्हा पाठवला. मी पुन्हा दिला. मग बाकीच्या बायकांचेही तसेच यायला लागले.

माझ्या कागदाबद्दल हेड ऑफिसला तक्रार केली. मसुदा एआयकडूनच नीट करून घेतला, त्यात ना माझं नाव होतं, ना सरांचं, ना कंपनीचं, ना आजाराचं. मग सगळी नावं मी स्वतः घातली आणि खाली सही केली. उत्तर आलं, की आपली तक्रार नोंदवली आहे. बस, एवढंच. सर अजून त्याच केबिनमध्ये आहेत. सासू अजून माझ्याशी नीट बोलत नाही. नवरा चिडलेला नाही, पण रात्रीचं जेवण गुपचूप जेवून उठतो.

महिनाअखेर मला काढणार. माझ्या जागी त्यांनी मुलगी बघितलीसुद्धा आहे. पालघरची आहे म्हणे, नुकतीच शिकून आलेली, एआय छान येतं तिला. तिलाही ते पहिल्यांदा गोड बोलतील. पर्मनंटचा शब्द देतील.

ती ज्या दिवशी कामाला येईल त्या दिवशी मी गेटवर उभी असेन. वॉचमन हाकलील, हाकलू दे, रस्ता काही कंपनीचा नाही. तिला गाठणार आहे आणि तोंडावर सांगणार आहे, केबिनचं दार लावायला सांगितलं की तुझ्याकडून काय मागणार आहेत. ऐकून तिने काय करायचं ते तिचं तिने बघावं. पण 'मला माहीत नव्हतं' असं तिला कधीच म्हणता येणार नाही.