ओल्या गोधड्या आणि उल्कांचं भाषण

पोरगी माईकपाशी उभी होती, ती सरळ खाली पडली आणि हॉलमधली पोरं हसली. भिऊन पडली असं त्यांना वाटलं.

पोरगी म्हणजे माझी नात. मुलीची मुलगी, शाळेसाठी माझ्याकडे राहणारी, आठवीतली. समोर भिंतीवर पुण्याच्या एक प्राध्यापक बाई दिसत होत्या. त्या तिकडे पुण्यात बोलत होत्या आणि त्याच वेळी दोंडाईच्याजवळच्या आमच्या खेड्यात दिसत होत्या. भाषण उल्कांवर होतं, शाळेतल्या पोरांसाठी. बऱ्याच गावांत ते असंच भिंतीवर चाललं होतं, आणि शेवटी काही गावांतल्या पोरांनी बाईंना प्रश्न विचारायचे होते. आमच्या गावातून नातीचं नाव लागलं होतं. "मॅडम, उल्का जर आमच्या शेतात," एवढं ती बोलली आणि पडली.

मी उठले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग गरम नव्हतं, पण मला वाटलं ऊन लागलं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस पडला की ऊनच लागलेलं असतं. दुसरं काही आम्ही धरतच नाही. कमरेच्या पिशवीत कांदा होता. उन्हाळ्यात तो सगळ्यांकडेच असतो. मी तो बुक्कीनं फोडला, तिच्या नाकाला लावला, तळपायांना चोळला. तेवढ्यात कोणीतरी दार उघडलं. बाहेरची वाफ आत आली.

"दार लावा रे!" मी ओरडले. "झळ मझार यी ऱ्हायनी!"

दार लागलं.

हॉल ग्रामपंचायतीचा. वरती स्लॅब, दोन्ही बाजूंना खिडक्या. भिंतीवरचं चित्र दिसायला अंधार हवा होता, म्हणून शाळेचे मास्तर सकाळी माझ्याकडे आले होते. म्हणाले, "आक्का, तुमच्या गोधड्या द्या, खिडक्यांना लावतो." मी गोधड्या शिवते, घरात पाच-सात जाड पडलेल्या असतात. मी दिल्या, आणि वर सांगितलं की त्या भिजवून घट्ट लावा, म्हणजे अंधारही होईल आणि गारवाही. एप्रिल संपत आला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. गोधड्या भिजवल्या, खिळ्यांना घट्ट ताणून लावल्या, खालच्या फटीत पोती कोंबली. हॉल खरोखर गार झाला. पोरं आत आली ती "वाऽ" करत बसली. मास्तर म्हणाले, "आक्का, एसी झाला." मला बरं वाटलं.

भाषण सुरू व्हायच्या आधीच लाईन गेली. ती जाणारच होती. म्हणून मंडपवाल्याचं जनरेटर आणून ठेवलं होतं, लग्नात लायटिंगला लावतात ते. मंडपवाल्यानं ते आधी बाहेर लिंबाखाली लावलं. पण आवाज एवढा की बाईंचं ऐकू येईना. मग त्यानं ते उचलून हॉलच्या मागच्या खोलीत ठेवलं, जिथं सतरंज्या आणि मतदानाची टेबलं पडलेली असतात. मधलं दार ओढलं. वायर जायची होती म्हणून दार पुरतं लागलं नाही, चार बोटं उघडं राहिलं. आवाज कमी झाला. मंडपवाला चहाला गेला. धुराचा वास येत होता, पण तो लग्नातही येतो. लग्नात कोण जनरेटरच्या वासाकडे लक्ष देतो?

मला भाषण किती कळलं? माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बाई साध्या बोलत होत्या. आकाशातून रोज दगड पडतात, बहुतेक वरच जळून जातात, एखादा खाली येतो, असं त्यांनी सांगितलं. एक काळा दगड हातात धरून दाखवला. माझ्या शेजारी खुर्चीवर शेजारचे नाना होते, गावातले सगळ्यांत जुने. सभा कसलीही असो, नाना पुढे जाऊन सत्काराचा हार घेतात आणि मग मागच्या कोपऱ्यात जाऊन झोपतात.

"दिवसा चांदण्या दखाडाले पुण्यानी बाई कसाले पाहिजे?" नाना म्हणाले. "मन्ही बायको रोज दखाडस."

"गप बसा नाना, पोरं ऐकी ऱ्हायनात."

नातीचा प्रश्न त्यांना आधीपासून माहीत होता. ती आठवडाभर तोच घोकत होती: उल्का आमच्या शेतात पडली तर ती कोणाची, आमची की सरकारची? नाना तिला म्हणाले होते, "ज्यानं वावर त्यानी उल्का. सातबारावर चढाडी टाक. पण तलाठीले पयले चहा पाज." ती चिडली होती. हा प्रश्न ती खरंच विचारणार होती, थट्टा नव्हे.

मग नाना उठून मागच्या कोपऱ्यात गेले, मधल्या दाराजवळ. तिथं अंधार जास्त होता.

भाषणाच्या मध्यावर एक पोरगा ओकला. मास्तर म्हणाले, रस्त्यावरचा बर्फाचा गोळा खाल्ला असेल. त्याला पाणी पाजलं आणि भिंतीला टेकवून बसवलं. दोघी-तिघी कपाळ धरून बसल्या. नात मला म्हणाली, "मोठी माय, मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं."

"प्रश्न ईचारी ले, मंग घर जाऊत," मी म्हणाले.

माझंही डोकं ठणकत होतं. पण मला वाटलं, भिंतीवरच्या उजेडाकडे एवढा वेळ बघितल्यानं असेल.

तर पोरगी पडली, मी कांदा लावला, दार लावायला सांगितलं. माईक तिच्याबरोबर खाली पडला होता पण चालू होता. भिंतीवरच्या बाई पुढे वाकल्या.

"काय झालं? मुलगी पडली का?"

"काही नाही मॅडम," मास्तर म्हणाले. "ऊन लागलं. आमच्याकडे फार ऊन आहे."

"ती हॉलमध्ये कधीपासून आहे?"

"सुरुवातीपासून."

"मग ऊन कसं लागेल? आणि हा धडधड आवाज कसला येतोय?"

"जनरेटर आहे मॅडम. लाईट गेली."

"कुठे आहे जनरेटर? आत?"

मास्तर मधल्या दाराकडे वळले. मग म्हणाले, "मागच्या खोलीत."

बाईंचा आवाज एकदम बदलला. इतका वेळ त्या हसत बोलत होत्या. "सर, सगळ्या मुलांना बाहेर काढा. आत्ता. दारं-खिडक्या उघडा. त्या धुरात विषारी वायू असतो. ऐकताय ना?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मला बाईंचा राग आला. पुण्यात पंख्याखाली बसून हिला काय कळणार खान्देशातलं ऊन?

"उन्हात नेसन मारशात का पोरांसले?" मी म्हणाले. "मास्तर, कोणाले बाहेर लई जाऊ नका."

मास्तर तसेच उभे राहिले. मग मी मागच्या पोरांना हाक मारली, पाणी आणा म्हणून. मोठ्यानं हाक मारली. माझ्या आवाजानं गल्लीतली म्हातारी माणसं झोपेतून उठतात. मागच्या रांगेतलं एकही पोर उठलं नाही. काही बसल्याबसल्या एकमेकांवर कलंडली होती. मी समजत होते, कंटाळली आहेत.

मी उठायला गेले तर माझे गुडघे खाली आले. तेव्हा मला कळलं की बाई खरं बोलतात.

भिंतीला धरून खिडकीपाशी गेले आणि गोधडी ओढली. निघेना. मीच घट्ट लावायला सांगितली होती. दुसऱ्यांदा लोंबकळून ओढली तेव्हा खिळ्यासकट खाली आली. मास्तरांनी दोन्ही दारं उघडली आणि पोरांना बाहेर ढकलायला लागले. मोठी पोरं लहान्यांना ओढत होती. एक पोरगी रडत होती, "सर, मन्ही चप्पल!" आणि मास्तर तिला शिव्या देत होते. मास्तरांना शिव्या देताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग ते तोंडाला रुमाल बांधून मागच्या खोलीत घुसले आणि जनरेटर बंद केलं. भिंत काळी झाली. बाई गेल्या.

आम्ही लिंबाखाली आलो. ऊन अंगाला चटके देत होतं. नातीला मी मांडीवर आडवी घेतली होती. श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते. मास्तर पोरांची नावं घेत होते, एकेक जण हात वर करत होता. बायका धावत येत होत्या, आपापलं पोर शोधत, आधी मारत आणि मग जवळ घेत. आवाज ऐकून मंडपवालाही चहाच्या टपरीवरून पळत आला.

"बठ्ठा ईग्यात," मास्तर म्हणाले. सगळे आले.

तेव्हा नानांची बायको नवऱ्याला शोधत आली. "आमनं म्हतारं कथा शे?"

कोणीतरी म्हणालं, "नाना मझार शेतस. झोपेल शेतस."

एक-दोन जण हसलेसुद्धा. मग कोणी हसलं नाही.

मास्तर आणि मंडपवाला आत गेले आणि नानांना खुर्चीसकट उचलून आणलं. लाल प्लास्टिकची खुर्ची, मान छातीवर, गळ्यात हार तसाच. नेहमी झोपतात तसेच दिसत होते. नानांची बायको त्यांच्या गालावर चापट्या मारत म्हणत होती, "उठा, कार्यक्रम सरी गया." ते उठले नाहीत.

पपई भरायला आलेली एक पिकअप गावात उभी होती. पपई खाली टाकून तिच्यात नात, नाना आणि आणखी चार पोरं घातली. मी नातीपाशी बसले. दोंडाईच्याला डॉक्टरांनी नळ्या लावल्या आणि म्हणाले, धुळ्याला न्या, थांबू नका. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये नळी नाकाला असतानाच, शिंदखेड्याच्या फाट्याजवळ, नातीनं डोळे उघडले. ती ओकली, माझ्या लुगड्यावर. मी म्हणाले, "ओक, आजून ओक."

धुळ्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, हॉलमध्ये हवा येण्याची सोय नव्हती का? मी सांगितलं, होती, आम्ही ती गोधड्यांनी बंद केली. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुण्याच्या बाईंचा मास्तरांच्या फोनवर रोज दोनदा फोन येत होता. एकदा मास्तरांनी तो माझ्या कानाला लावला. "आजी, तुम्ही कशा आहात?" बाईंनी विचारलं. मी म्हणाले, मी बरी आहे, पण मी तुमचं ऐकणार नव्हते. त्या म्हणाल्या, "पण ऐकलंत." मी फोन मास्तरांना परत दिला.

चार पोरं दुसऱ्या दिवशी घरी गेली. नातीला तीन दिवस ठेवलं. तिला घेऊन मी घरी आले त्याच संध्याकाळी नाना गेले. ते शेवटपर्यंत जागे झाले नाहीत. हॉलमध्ये जेवढी पोरं होती, तेवढी सगळी जगली. मास्तर जगले. नात जगली. मी जगले.