खिशातली वही आणि बंद पडलेले लूम

सत्तरच्या दशकात माझ्या सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटी वही असायची आणि तिला सुतानं बांधलेली शिसपेन्सिल. मी कुणी लेखक-बिखक नव्हतो. निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात कापड विणायचे लूम चालवायचो आणि लूमच्या खडखडाटानं पस्तिशीच्या आतच माझे कान गेले होते. कुणाला मला काही सांगायचं असलं की मी वही पुढं करायचो.

तुम्हाला वाटेल, सोय झाली. कसली सोय! घामानं पानं ओली व्हायची, पेन्सिल उमटायची नाही. एकदा चहावाल्याला रस्ता विचारला, तर त्या भल्या माणसानं उर्दूत लिहून दिलं. मला ते वाचता येईना म्हणून त्यानं शेजारच्याला बोलावलं. शेजाऱ्यानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी दोघांना सलाम ठोकला आणि चालायला लागलो.

माणसं लिहायला कंटाळतात. बोलताना जो दहा वाक्यं बोलेल, तो लिहायला दोन शब्दांवर येतो. गंमत, टोमणे, उगाचच्या गप्पा कुणी लिहीत नाही. बाहेर कुठंही दुसऱ्यांच्या तोंडाकडं बघून बघून माझे डोळे शिणायचे, आणि हाती काय, तर ‘उद्या सुट्टी’.

कारखान्यात मात्र मला वही लागत नसे. तिथल्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून सगळेच ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलतात. मीही त्यातलाच एक, ओठांवरून सगळं ओळखायचो. खरी पंचाईत टेमघरला, गावातल्या घरी होती. सासऱ्यांसमोर सुनेनं मान खाली घालून, तोंड वळवून, हळू बोलायचं, ही आमच्याकडची रीत. आणि माझे वडील दिवसभर ओटीवर, दारातच. बायकोचे ओठ मला दिसायचेच नाहीत. चौथीपर्यंत शिकलेली, ती वहीत लिहायची, ‘मीठ आना.’ एकदा शेजारणीबरोबर पोट धरून हसत होती. मी वही पुढं केली. तिनं क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ‘काय न्हाय.’

त्या दोन शब्दांनी मला जेवढं एकटं पाडलं, तेवढं कान गेल्यानं नव्हतं पाडलं. ही बाई हळूहळू माझ्याशी बोलायची थांबणार, याची मला भीती बसली.

मग एक दिवस वही सदऱ्याबरोबर धुतली गेली. लगदा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन पहिल्यांदाच कारखान्यात आली. सगळे लूम चालू. तिनं कान झाकले, मग इकडं-तिकडं बघितलं. माणसं तोंड फाडून बोलत होती. सासरे नव्हते. तिनं मान वर केली आणि माझ्यासमोर उभी राहून बोलायला लागली.

काय काय सांगितलं तिनं! म्हशीनं रेडकाला पाजलं नाही, अंजूरला दिलेल्या तिच्या बहिणीनं कौलं बदलली, माझे वडील रोज भाताला नावं ठेवतात. “तुमी तरी एकदा त्यांना बोला की!” असं म्हणून माझ्यावर डाफरलीसुद्धा. मला जवळजवळ सगळं कळत होतं. डबा तसाच राहिला.

“आणि त्या दिवशी का हसत होतीस?” मी विचारलं.

ती हसली. “अवं, ती म्हनली...” एवढ्यात वीज गेली. लूमचे पट्टे मंदावले, एकेक लूम थांबला. आता तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला असावा, सगळे आमच्याकडं बघायला लागले. तिनं बोलणं अर्धंच सोडलं, मान खाली घातली आणि तोंड वळवलं.

बाकीच्यांना बरं वाटलं. कुणी बिडी पेटवली, कुणी तिथंच आडवा झाला. मीही थकलो होतो, पाय दुखत होते. पण ज्या खडखडाटानं माझे कान खाल्ले, तो लवकर सुरू व्हावा म्हणून मी छताच्या बल्बकडं बघत राहिलो.

ती घरी गेली नाही. तीही बल्बकडंच बघत होती.